फियाटची शेंडी

माझ्या सासुरवाडीत जावयाला सगळं खायला मिळतं, पण हात कशालाच लावू देत नाहीत. मी बोईसरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम करतो, दिवसभर वायरींतच असतो. तरी दातिवऱ्याला गेल्यावर पंख्याचं बटण दुरुस्त करायला उठलो की सासरे, आत्माराममामा, ओरडतात, "कैलासराव, तुमी बसा. जावय हाय तुमी." मी मूळचा धुळ्याचा, डोकं पटकन तापतं. बसून बसून माझा नुसता संताप होतो.

त्यात मामांची फियाट म्हणजे तर देवघर. स्वतःच्या लग्नानंतर वर्षभरात घेतलेली, क्रीम रंगाची. वाटणीच्या वेळी सख्ख्या भावाला एक माड जास्त जाऊ दिला नाही या माणसाने. पण गाडीवर नारळ पडू नये म्हणून स्वतःच्या हाताने दोन माड तोडले. त्या गाडीचा रेडिओ काही वर्षांपासून मुका आहे. बटण फिरवलं की नुसती खरखर. मामांना विचारावं तर म्हणतात, "गाडीत बिघाड नाय. मुंबईचे रेडिओवालेच आता काय लावत नाय." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

एका संध्याकाळी आमच्या सालवडच्या घरी माईंचा, म्हणजे सासूबाईंचा फोन आला.

"जावयबापू, आमची हळदीची गाणी रेडिओवर लागणार हाय. रविवारी सकाळी."

माई आणि त्यांच्या गावातल्या चारपाच मैत्रिणी मुंबईला जाऊन रेकॉर्डिंग करून आल्या होत्या. मामांना सांगितलं होतं, विरारला साड्या घ्यायला जातो. मामांनी साड्या कुठे आहेत म्हणून विचारलंही नव्हतं.

"वा! मोबाईलवर लावून देतो की मामांना," मी म्हणालो.

"मोबाईलवर नको. फियाटच्या रेडिओवर पायजे." माईंनी आवाज खाली आणला. "त्या गाडीत बसून मी तोंड उघडलं का ते म्हणायचे, गप बस, रेडिओ ऐकू दे. पालघरला जाताना गप, माहेरी जाताना गप. माझी आई गेली तवा पण वाटेत बातम्या चालू होत्या. आता त्याच रेडिओतून माझा आवाज त्यांच्या कानी पडला पायजे. एकदाच. पण त्यांना आधी सांगू नका हां."

मी करतो म्हणालो.

खरखर येते म्हणजे रेडिओ जिवंत आहे आणि अँटेना किंवा तिची केबल गेली आहे, एवढं मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर बोईसरच्या नवापूर रोडवर केबल शोधत फिरलो. गाड्यांच्या सामानाचा पहिला दुकानदार हसलाच. "फियाट का अँटेना केबल? भाईसाब, ब्लूटूथ लगवा लो." मी म्हटलं, ब्लूटूथ तूच लाव. तो आणखी हसला. शेवटी एका जुन्या दुकानात माळ्यावरच्या खोक्यातून केबल निघाली. धूळ झटकून दुकानदाराने ती अशी हातात दिली की जणू पोरीची पाठवणी करतोय.

शनिवारी रजा टाकून बायकोला, कीर्तीला घेऊन दातिवऱ्याला निघालो. केबल पिशवीत होती, पण मामा बॉनेट उघडू देतील तेव्हा ना! एडवणच्या पुढे आल्यावर कीर्ती म्हणाली, "तू लग्नात रुसला नव्हतास."

"म्हणजे?"

"नवरदेव जेवताना रुसून बसतो, सासऱ्याकडे काहीतरी मागतो. तू आपला मुकाट जेवलास. तुझा रुसवा अजून बाकी आहे."

लग्नाला सहा वर्षं झाली. त्या दिवशी मला भूक लागली होती, म्हणून जेवलो होतो. पण बायकोचं डोकं चालतं ते असं.

दुपारी माईंनी पान वाढलं. हंडीत वाफवलेल्या भाज्यांची उकडहंडी, तांदळाची भाकरी, वर कोलंबीचं लोणचं. वासाने जीव कासावीस झाला होता, पण मी हात मागे घेऊन बसलो.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"मी रुसलोय."

कीर्तीने समजावून सांगितलं की लग्नातला रुसवा राहून गेला होता, तो आज आला आहे. माई पदराआड हसत होत्या. रुसलेल्या जावयाला पानावरून उपाशी उठवलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. मामांचा चेहरा पडला.

"काय पायजे तुमाला?"

"फियाट."

मामांच्या हातातला घास खाली आला. मला त्यांची इतकी दया आली की पुढचं लगेच बोलून टाकलं, "आजच्या दुपारपुरती. तिची अँटेना खोलायची आहे."

"एवढंच ना!" मामांनी सुटकेचा श्वास सोडला. "खोला, खोला. पण गाडीत बिघाड नाय हां."

मग मी दोन वेळा उकडहंडी घेतली.

अँटेना पुढच्या मडगार्डवर उभी होती. तिच्या बुडाचा नट फिरवला, तर फिरेना. खरवडल्यावर लाल-पिवळा थर निघाला, हळद आणि कुंकवाचा, चांगला जाडजूड. जोर लावून अँटेना उपसली तर खालची केबल हातातच तुटली. आतल्या तांब्याचा हिरवा चुरा झाला होता.

"उंदराने खाल्ली असणार," मामा म्हणाले. ते खुर्ची टाकून माझ्यावर पहारा देत बसले होते.

"उंदीर कुंकू लावून येतो का मामा?"

मग माईंनीच उलगडा केला. दसऱ्याला गाडीची पूजा होते तेव्हा सगळी माणसं नारळ चाकाशी फोडतात. पण मामांचं म्हणणं, चाक म्हणजे पाय, पायावर कसलं पाणी घालता? अँटेना ही गाडीची शेंडी. अभिषेक शेंडीवरच व्हायला पाहिजे. म्हणून वाडीतल्या पहिल्या शहाळ्याचं पाणी दर दसऱ्याला अँटेनेच्या बुडाशी, वर हळदकुंकू.

"आणि ते सगळं भोकातून आत केबलवर," मी म्हणालो.

"देवाला पाजलंत, रेडिओला बाधलं!" माई हसून हसून पायरीवरच बसल्या.

मामा हसले नाहीत. तो हिरवा चुरा त्यांनी बोटावर घेतला आणि चुरगाळून बघितला. मुंबईवाल्यांना इतकी वर्षं शिव्या घातलेल्या आठवत असणार. मला वाटलं, आता चिडतील आणि गाडी बंद करून ठेवतील.

तेवढ्यात मीच अडकलो. जुनी केबल मधेच तुटल्यामुळे तिला बांधून नवी ओढून घ्यायची सोय राहिली नव्हती. मडगार्डच्या आतून डॅशबोर्डमागे जायचं भोक बोटाएवढं, वाट वाकडी. तार घातली तर ती आत दुमडायची. चार वेळा केलं, चार वेळा फसलं. मी स्क्रू ड्रायव्हर आपटला.

मामा उठले. वाडीत गेले आणि माडाची एक झावळी घेऊन आले. तिच्या पात्यांतून लांबशी हीर सोलून काढली, जिचे आपण खराटे बांधतो ती. बोटांनी चाचपून टोक निमुळतं केलं आणि भोकात सरकवली. हीर वाकली, पण दुमडली नाही. डॅशबोर्डखाली डोकं घालून बसलेल्या कीर्तीने आतून आवाज दिला, "आली! आली!"

हिरेला केबल बांधून ओढून घेतली. बुडाखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, नट आवळला, वर रबराची टोपी बसवली. मामांनी स्वतः बटण फिरवलं. खरखर झाली आणि तिच्यातून एक बाई स्वच्छ आवाजात बाजारभाव सांगू लागली.

"बगा," मामा म्हणाले, "मुंबईवाल्यांनी लावलं परत."

रविवारी सकाळी आम्ही चौघं गाडीत बसलो. मामा स्टिअरिंगवर, शेजारी नवी साडी नेसलेल्या माई. गाडी जागची हलणार नव्हती, तरी मामांनी आरसा नीट केला. त्यांना एवढंच माहीत होतं की जावयाला रेडिओ ऐकायचा आहे. माई पदर सारखा नीट करत होत्या आणि मी मनातल्या मनात त्या केबलला हात जोडत होतो.

निवेदिका म्हणाली, "आता ऐकू या हळदीची गाणी. गायिका, दातिवऱ्याच्या विजया राऊत आणि सहकारी."

मामांनी मान वळवून माईंकडे बघितलं. लग्नानंतर ते नाव परक्या तोंडून त्यांनी बहुधा ऐकलंच नव्हतं. गाणं सुरू झालं. माईंचा आवाज उंच, जरा किनरा, घरात कधी न ऐकलेला. तो गाडीतून बाहेर निघून वाडीभर गेला.

"अवो," माई घाईघाईने सांगू लागल्या, "इथं ना माझा दम जरा तुटला, त्या रेकॉर्डिंगवाल्या म्हणाल्या परत म्हणा, पण मी..."

मामांनी हात वर केला. त्यांचे डोळे भरले होते.

"गप बस गो," ते म्हणाले. "माजी बायको गाते हाय. ऐकू दे."

आणि माई गप बसल्या, पार कानापर्यंत हसत.