डाव्या कुशीवर

थोरली जाऊ भूलतज्ज्ञ, धाकटी सर्जन. सासूला कुणी सांभाळायचं यावरून दोघींचं फाटलं. तेव्हापासून एकाच टेबलाशी उभ्या राहूनही त्या एकमेकींशी बोलत नसत. काय असेल ते सिस्टरमार्फत.

त्या सकाळी एका बसड्रायव्हरची डावी किडनी काढायची होती. भूल चढली, त्याला कुशीवर वळवायची वेळ झाली. धाकटी बाहेर हात धूत होती.

"सिस्टर, तिला विचार, कोणती बाजू," थोरली म्हणाली.

सिस्टर दारातून डोकावून आली. "डावी म्हणतात."

थोरलीने ती झोपवायची बाजू समजून त्याला डाव्या कुशीवर वळवून घेतलं. डावी बाजू खाली गेली, उजवी वर आली. वॉर्डात कातडीवर केलेली निळी खूण अंगाखाली दबली. वर हिरव्या चादरी पडल्या. धाकटी आत आली आणि कुणाकडे न बघता तिने ट्रेमधली सुरी उचलली.

तेवढ्यात थोरलीची नजर भिंतीवरच्या स्कॅनकडे गेली. खराब किडनी डावीकडे होती, आणि वर होती ती उजवी बाजू.

"सिस्टर, थांबव तिला."

सिस्टर पाठमोरी सामान उघडत होती. तिला ऐकू गेलं नाही.

"थांब," थोरली थेट म्हणाली.

धाकटीने मान वर केली नाही. "सिस्टर, त्यांना सांगा, मधे बोलू नका."

"सिस्टरला कशाला सांगतेस? मला सांग. किडनी कोणती?"

"डावी."

"मग तुझ्यासमोर कोणती आहे?"

धाकटीने सुरी ट्रेमध्ये ठेवली.

"झोपवलंत तुम्ही."

"आणि खूण न बघता कापायला निघालीस तू."

"मला विचारायला काय झालं होतं?"

"तुझं तोंड बघायची इच्छा नव्हती."

"मी यापुढे कुणाचा निरोप नेणार नाही," सिस्टर म्हणाली. "आधी याला वळवू या."

ऑपरेशन नीट पार पडलं. बाहेर येऊन दोघींनी ड्रायव्हरच्या बायकोला काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"तुमच्या भांडणात माझा नवरा गेला असता," ती म्हणाली. "मी तक्रार करणार."

"करा," धाकटी म्हणाली.

तक्रार झाली, दोघींची खरडपट्टी निघाली. आता सुरी उचलण्याआधी सगळे हात थांबतात. धाकटी पेशंटचं नाव, बाजू आणि खूण मोठ्याने सांगते. थोरली स्वतः वाकून बघते आणि "बरोबर" म्हणते. दोघींचा सूर असा असतो, की नव्या माणसाला वाटावं, आता जुंपणार. मग तोंडं फिरवून त्या कामाला लागतात.