तुपाचा ठिपका

सोनूच्या ओठांतून दूध सुटेपर्यंत वर्षा जागची हलली नाही. आठ महिन्यांची पोर, अर्ध्या पोटी उठवली की दिवसभर सूड उगवते, हे तिला आता पुरतं ठाऊक झालं होतं. मुठीतला पदर सुटला तशी तिने लेकीला गोधडीत निजवलं आणि फळीवरचा स्टीलचा डबा उतरवला. त्या डब्यात नागपूरच्या प्रयोगशाळेतली तिची दोन वर्षं होती. साठ कागदी पट्ट्या.

पट्टी बोटाएवढी. एका टोकाला निळं वर्तुळ, रक्ताचा थेंब टाकायला. तिथून पुढे, कागदात मेण मुरवून उभ्या केलेल्या दोन भिंतींमधून एक अरुंद वाट. त्या वाटेवर सोन्याचे कण बसवलेले, इतके बारीक की त्या मापात सोनं पिवळं राहतच नाही, लाल दिसतं. एक रेघ उमटली तर रक्त नेहमीचं. दोन उमटल्या तर माणूस सिकलसेलचा वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट, पण दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारा. आणि नुसती दुसरीच उमटली तर आजार.

"सोनं अन् लाल?" सासूबाई, धुरपताबाई, पहिल्यांदा ऐकून म्हणाल्या होत्या. "तुले फसवलं कोनी, बाई."

पण त्याच धुरपताबाईंनी फुलसावंगीजवळच्या त्यांच्या तांड्यात घरोघरी फिरून शब्द दिला होता. गेल्या साली कुठलीशी गाडी येऊन सगळ्यांचं सुई भरभरून रक्त घेऊन गेली, आणि कागद काही आले नाहीत. तेव्हापासून तांडा कोणापुढे हात करत नव्हता. "माही सून आज रक्त घेईन अन् आजच सांगन," असं धुरपताबाई बोलून बसल्या होत्या. आज ते खोटं पडलं तर पुन्हा कोणी बोट पुढे करणार नाही, हे वर्षाला प्रयोगशाळेतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा पक्कं माहीत होतं.

शाळेच्या ओसरीवर सात वाजताच बाया जमल्या. कापूस वेचायला जायचं होतं, नऊच्या आत सगळं उरकायला हवं. तिच्या नवऱ्याने, राजकुमारने, टेबल मांडलं. ढाणकीतलं खताबियाण्याचं दुकान आज त्याने उशिरा उघडायचं ठरवलं होतं. धुरपताबाई कडेवर सोनूला घेऊन पहिल्या रांगेत, लग्नघरच्या विहिणीसारख्या.

पहिली आली तुळसाबाई. तोंडाने तिखट. तांड्यात तिचं एक बोलणं म्हणजे दहाजणींचं.

"थेंबभर म्हनतं ना? मंग थेंबच घेजो. बाटली काढली तर मी उठलीच."

वर्षाने तिचं बोट धरलं. बोंडांच्या टोकांनी चिरलेलं, लाकडासारखं कडक. सुई टोचली तर मोहरीएवढं रक्त आलं. प्रयोगशाळेतल्या मुलींच्या मऊ बोटांतून ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब सहज यायचा. तिने ते वर्तुळात टेकवलं, वर औषधाच्या पाण्याचा एक थेंब सोडला.

थेंब बसला. नुसता बसून राहिला. अळूच्या पानावर पाणी बसतं तसा, गोल.

मिनिट गेलं, तीन गेली. दुसरी पट्टी काढली, तेच. तिसरीवरही.

"काय झालं?" तुळसाबाईने मान पुढे केली. "सोन्याले आमचं रक्त चालत नाई काय?"

मागे हसू फुटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. एकीने विळा कमरेला खोचला. "चाला, वावरात तरी वेळेवर जाऊ."

वर्षाने चौथी पट्टी उचलून उन्हासमोर धरली. पट्टीचा बाकीचा कागद पांढरा, पण वर्तुळ आरपार दिसत होतं. भज्यांच्या कागदासारखं. तिने नाकाजवळ नेली. तूप.

"याडी," तिने सासूकडे न पाहताच विचारलं, "डबा कोणी उघडलता?"

धुरपताबाईंचा चेहरा आधी उजळलाच. "मीनंच की! पाहाटे भोग लावला. नवं काम हाये ना तुहं. निखाऱ्यावर तूप-गूळ सोडला, अरदास केली, अन् एकेकीले ठिपका लावला. साठच्या साठ. तू तर जागाबी करून ठेवलती, निळी, गोल."

भावसिंग, सासरे, खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "हिनं मोबाईललेबी लावलता. तवापासून फोटो धुकट येते."

या वेळी कोणी हसलं नाही. धुरपताबाईंना हळूहळू उमगलं. त्यांनी सोनूला नवऱ्याच्या मांडीवर दिलं आणि आपला उजवा हात पदराखाली नेला, चोरी सापडलेल्या पोरासारखा.

ओरडावं, असं वर्षाला क्षणभर फार वाटलं. मग तिने डब्यात पाहिलं. साठ ठिपके. एकही वर्तुळाबाहेर गेलेला नव्हता. पहाटेच्या थंडीत, चिमणीच्या उजेडात, चष्म्याशिवाय.

तिने नागपूरला फोन लावला. तिच्या संशोधनाच्या प्रमुखांना सगळी प्रयोगशाळा इंदुताईच म्हणे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तूप पसरलंय कुठवर?"

"गारठ्यानं जागीच थिजलंय, ताई. सोन्यापर्यंत गेलेलं नाही."

"मग?"

मग काय ते वर्षाला बोलता बोलताच दिसलं. "टोक कापून टाकते. वाट आखूड होईल, पण रेघांच्या जागा शाबूत राहतील."

"आधी माहीत असलेल्या रक्तावर पाहा. कापलंस हे वहीत लिही, चूकही लिही. आणि प्रत्येकाचा एक थेंब जाड कागदावर वाळवून इकडे आण, आपण इथे ताडून पाहू. तोवर कोणाला पक्कं सांगू नकोस."

माहीत असलेलं रक्त हाताशीच होतं. वर्षा स्वतः वाहक. राजकुमारची तपासणी लग्नाआधीच झालेली, तो निर्दोष. धुरपताबाईंनी साबणाने तीनदा हात धुतले आणि कांचळीवर आरसे टाचायची कात्री स्पिरिटने पुसून पुढे केली. वर्षाने टोकं छाटली. आपल्या बोटातून मुद्दाम मोहरीएवढंच रक्त काढलं. राजकुमारने डोळे मिटून बोट दिलं, तेव्हा तुळसाबाई म्हणाली, "बाळंतपन याले असतं तर?"

कापलेल्या कडेला थेंब लागला आणि कागदाने तो ओढून घेतला. लाल पाणी वाट चढू लागलं. पूर्वी दहा मिनिटं लागत. चौथ्या मिनिटाला वर्षाच्या पट्टीवर दोन रेघा, राजकुमारच्या पट्टीवर एक. लांब वाटेत निम्मं रक्त कागदातच जिरून जायचं, हे दोन वर्षांत तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तूप नसतं, तरी तुळसाबाईचा तो एवढासा थेंब रेघेपर्यंत पोचलाच नसता.

तिने मान वर केली. पण आता बोट कोण देणार?

"पहिले माहं," धुरपताबाई पुढे बसल्या. पदराखालचा तोच हात त्यांनी टेबलावर ठेवला.

चार मिनिटं सगळी ओसरी वाकून पाहत होती. एक रेघ. मग, पुसट, दुसरी.

"म्हंजे?" त्यांचा आवाज बारीक झाला.

"म्हणजे माझ्यासारख्याच, याडी. आजार नाही, काळजीचं काही नाही. नागपूरहून पक्कं येईल. आणि तुमच्या लेकाकडे तो दोष आलेलाच नाही, म्हणून आपल्या सोनूला आजार होणार नाही."

धुरपताबाई सुनेकडे पाहत राहिल्या. "तू अन् मी सारख्या," त्या पुटपुटल्या, आणि कोणाला तरी ऐकू जावं अशा बेताने पुन्हा म्हणाल्या.

तुळसाबाईने बाही सावरली. "सासूसुनेचं झालं असन तर माहं घे, बाई. वावर वाट पाहून राह्यलं."

तिच्या पट्टीवर एकच रेघ आली. तिने आपल्या निकालाचा कागद घेतला आणि तो उलटासुलटा करत रांगेभर दाखवून आली. त्यानंतर वर्षाला मान वर करायला सवड मिळाली नाही. नऊपर्यंत एकेचाळीस जण झाले. 'प्राथमिक निकाल' लिहिलेले कागद कनवटीला खोचून बाया शेताकडे निघाल्या. पाच जणी वाहक, आणि एकीच्या नातवाच्या पट्टीवर नुसती दुसरी रेघ. त्याच्या आईजवळ वर्षा बराच वेळ बसली. यवतमाळच्या दवाखान्यात सोमवारी स्वतः सोबत येते म्हणाली. औषध आहे, वेळेत कळलं, हे तिने तीनदा सांगितलं.

सोनू रडायला लागली तेव्हा कुठे तिने हात धुतले. लेकीला पदराखाली घेऊन ती खांबाशी टेकली आणि दुसऱ्या हाताने वहीत लिहिलं: पुढच्या पट्ट्या आखूडच छापायच्या.

धुरपताबाई खाली वाकून कापलेली टोकं वेचत होत्या. भोगाची वस्तू पायाखाली जाऊ द्यायची नसते. सगळी निळी वर्तुळं त्यांनी ओंजळीत घेतली.

"पुढच्या बारीले," त्या म्हणाल्या, "ठिपका डब्याच्या झाकनाले. चालन ना?"

"झाकणाला चालेल. बाहेरून."

घरी त्यांनी ती टोकं चुलीतल्या निखाऱ्यावर सोडली. तूप होतंच. भर्रकन पेटली.