बाळंतिणीच्या आल्याची किसणी

मित्रांनो, मी एक जुनी किसणी आहे. तळहाताएवढी, पत्र्याची. एका पत्रेवाल्याने तेलाचा रिकामा डबा कापला, खिळ्याने भोके पाडली आणि मला दात आले. डब्यावरच्या निळ्या रंगाचा ठिपका अजून माझ्या पाठीवर आहे.

मला विकत घेतले एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. तिचे मशीन ओट्याला लागूनच होते, त्यामुळे माझ्या दातांत आल्याच्या तंतूंबरोबर दोऱ्याचे तुकडेही अडकत. "या घरात चहासुद्धा टाके घालून मिळतो," असे तिचा जावई म्हणायचा. तो बस चालवायचा. सासूची थट्टा करायची हिंमत त्याच्या एकट्यातच होती.

मग लेक दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. मुलगी इतकी लहान, की तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवले. लेक घरी आली, बाळ तिथेच राहिले. लेकीने दूध काढून द्यायचे आणि जावयाने ते पोचवायचे, असे ठरले. पण दूध येईना. बाटलीचा तळ जेमतेम ओला व्हायचा.

कुणीतरी शिवणवालीला सांगितले, आल्याने दूध वाढते. झाले! माझे दिवस पालटले. उठल्या उठल्या ती मला ताटलीत तिरकी धरायची, आले किसायची, कीस पाण्यात उकळून, गाळून, साखर घालून लेकीला द्यायची. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, थोडे आले घ्यायला हरकत नाही, पण त्याने दूध वाढेलच असे नाही. पुन्हा पुन्हा दूध काढा, तिला पोटभर खाऊ घाला, तिचे मन शांत राहू द्या.

"मन शांत ठेवायचं औषध असेल तर तेवढं द्या, ताई," शिवणवाली म्हणाली.

लेक नाक मुरडायची, पण कप रिकामा करायची. "आई, माझ्या अंगाला टपरीचा वास यायला लागलाय. बाळ मला ओळखायचं नाही."

"उलट लांबूनच ओळखेल."

हळूहळू दूध वाढले. आल्याने की कशाने, ते मला सांगता येणार नाही. पण शिवणवाली मला धुऊन पुसून मशीनवर ठेवायची, गुणाची माझी बाई म्हणायची. एवढे कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. एके सकाळी बाटली गळ्यापर्यंत भरली. जावयाने ती जेवणाच्या डब्यात बर्फाशेजारी ठेवली आणि हसत निघाला.

दुपारी तो परत आला. बाटली तशीच भरलेली होती.

मित्रांनो, बाळ गेलेले शरीराला कळत नाही. लेकीला दूध येतच राहिले. कपडे भिजत, छाती ठणके. नर्सबाईंनी गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितले. दूध हळूहळू आटेल म्हणाल्या. शिवणवालीने उरलेले आले फेकून दिले आणि मला डब्यांमागे ढकलले. "हे दूध मीच आणलं," असे म्हणत ती जावयापाशी रडली. शेजारच्या बायका यायच्या आणि ब्लाउजच्या मापांविषयी बोलायच्या. बाळाचे नाव कुणी काढत नसे. तिला विसरू दे, असे त्यांना वाटायचे.

एक दिवस लेकीने डब्यांमागून मला काढले.

"आई, आलं आहे का घरात?"

"कशाला गं?"

"दूध कमी होत चाललंय."

"मग बरंच की. ठणका तरी जाईल."

"ते गेलं की तिचं माझ्याकडे काय उरणार?"

मशीन थांबले. शिवणवाली उठली, लेकीच्या हातातून घेऊन तिने मला ओट्यावर ठेवले आणि ती लेकीजवळ जमिनीवर बसली.

"ती कशी होती, सांग मला. काचेतून मला नीट दिसलीच नाही. चष्मा सारखा ओला व्हायचा."

लेक सांगू लागली. कानांवरची लव. जांभई देताना वाकडे होणारे तोंड. पेटीच्या भोकातून आत घातलेले बोट ती कशी घट्ट धरायची. सांगता सांगता तिचा झगा पुढून भिजला. त्या दिवशी तिने तो ओढणीखाली झाकला नाही.

पुढे दूध आटले. त्या घरात कुणी पुन्हा आले आणले नाही. माझे दात गंजले. त्याचे मला फारसे वाटत नाही.

तुमच्याकडे एकच मागणे आहे. जिचे बाळ गेले आहे, अशी कुणी आई तुमच्या घरात किंवा शेजारी असेल, तर मोठ्यांसारखे गप्प बसू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा, तुझे बाळ कसे होते? ती रडेल, रडू द्या. तिला सांगायचे असते, पण विचारायला कुणी येत नाही.