देव झालेला हद्दीचा दगड

मी एक हद्दीचा दगड. आधीच सांगतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. आशागडच्या वाडीत मला पहिल्यांदा पुरलं, तेव्हा चिंचेचं झाड माझ्या उजव्या हाताला होतं, असं मला वाटतं. कदाचित डाव्या हाताला असेल. दगडाला हात नसतात हे मला ठाऊक आहे. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

तसा मी शिकलेला. पाथरवटाने माझ्या कपाळावर छिन्नीने एक बाण आणि तीन आकडे कोरले होते. वाडीतले बाकीचे दगड निरक्षर, म्हणून मला जरा तोराही होता. माझ्या एका अंगाला रामनाथशेटांची चिकूची वाडी, दुसऱ्या अंगाला धाकल्याची दहा गुंठे जागा आणि त्याचं कुडाचं घर. घराची पाठ वाडीकडे, दार उगवतीला, दारापुढे आंबा. धाकल्या शेटांच्याच वाडीत चिकू उतरवायला जायचा. मध्ये कुंपण नव्हतं. मी होतो, तेवढं पुरत होतं.

मग एका वाघबारशीला, म्हणजे वाघोबाच्या सणाला, धाकल्याच्या बायकोने, रूपीने, मला शेंदूर लावला. त्या आठवड्यात तिची हरवलेली शेळी माझ्यापाशी सापडली होती. वाघापासून मीच ती राखली, असं तिने ठरवून टाकलं. पुढच्या वर्षी नारळ आला, कोंबडं आलं. आकडे शेंदराखाली गेले. मी हरकत घेतली नाही. खरं सांगायचं तर मला आवडलं.

चिकूचे टेम्पो थेट वाडीत शिरायला लागले, तेव्हा एकाचं चाक माझ्या खांद्याला घासून गेलं. धाकल्या धावत शेटांकडे गेला.

"शेट, देवाला चाक लागला. आज घासला, उद्या मोडंल."

"मग ने तुझ्या अंगणात," शेट हसले. "माझ्यापेक्षा तूच त्याची बडदास्त ठेवतोस. कोंबडं कापायला मला कुठे जमतंय!"

"खरंच नेऊ?"

"अरे ने. देव काय तुझा-माझा वेगळा आहे?"

मला उपटलं, ढोल वाजवत घराला वळसा घालून नेलं आणि दारापुढच्या आंब्याखाली बसवलं. भगताने सगळ्यांना बजावलं, "याला हलवला, असं आता कोणी तोंडातनं काढायचं नाय. देव इथलाच." माना डोलल्या. आपण हद्द सोडून आलो, हे त्या गर्दीत एकट्या मला कळत होतं. पण सावली होती, सकाळी रूपीच्या हातचं पाणी होतं. इतक्या मायेने आणलंय, उगाच कुरकुर कशाला, असं मी मनाला समजावलं. तेच मला अजून बोचतं.

वर्षं गेली. रामनाथशेट वारले. डहाणू सरकत सरकत आशागडपर्यंत आलं. शेटांच्या मुलाने, जतीनने, वाडी इमारतींसाठी दिली. चिकूची झाडं चार दिवसांत आडवी झाली. मग तीन पायांवर मशीन घेऊन एक मोजणीवाला आला. नकाशा घड्यांवर फाटलेला, बाकीच्या खुणा नांगराखाली गेलेल्या. तो हद्द शोधत आंब्यापर्यंत आला आणि त्याने माझ्या कपाळावरचा शेंदूर चाकूने खरवडला.

"ओ साहेब, चाकू कसला लावताय?" रूपी ओरडली. "उद्या ताप आला तर आमच्याकडंच याल भगत विचारत!"

"मावशी, याच्यावर बाण आहे. हाच हद्दीचा दगड." तो धाकल्याकडे वळला. "काका, हा पहिल्यापासून इथेच आहे ना?"

"दगड नाय तो. वाघोबा हाय."

"बरं, वाघोबा. पण कोणी हलवला वगैरे नाही ना?"

"सांग ना रं त्यांना," रूपी पुटपुटली.

"गप गं! भगतानं काय सांगितला होता?" धाकल्याने माझ्याकडे पाहून हात जोडले. "देव कुठं जातोय, साहेब? इथलाच हाय."

जतीन डोकं खाजवत उभा होता. "बाबा काहीतरी बोलले होते या दगडाबद्दल," तो म्हणाला, "पण मी तेव्हा बोर्डिंगला. लक्षात नाही, यार."

कागदावर धाकल्याचा अंगठा उठला. रेषा माझ्यापासून आखली गेली आणि अख्खं घर तिच्या पलीकडे, जतीनच्या बाजूला गेलं. घर काढायची नोटीस आली, तेव्हा धाकल्याने सगळं खरं सांगितलं. "मग पहिला कुठे होता, दाखव," असं विचारल्यावर त्याला जागा दाखवता येईना. झाडं गेली होती, जमीन सपाट केली होती. "शेटच्या जागेत घर बांधून बसला होता," असं लोक उघड म्हणू लागले. तो रूपीला घेऊन तलासरीकडे मेहुण्याच्या दारी राहायला गेला. दोन वर्षांपूर्वी तिथेच वारला. शेवटी शेवटी त्याला स्वतःलाच शंका यायची म्हणे, की लोक म्हणतात ते खरं असेल. मला तरी कुठे खात्री होती?

माझ्याभोवती आता फरशीचा चौथरा आहे. सातमजली इमारतीतली माणसं सकाळी एका पायाची चप्पल काढून मला नमस्कार करतात, नव्या गाडीची किल्ली माझ्या डोक्याला टेकवतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: माझ्याकडे काही मागू नका. आणि खुणेचं काही हलवाल, कितीही श्रद्धेने हलवाल, तर कुठून हलवलं ते लिहून ठेवा.

मोजणीला सहा वर्षं झाल्यावर, गेल्या उन्हाळ्यात, पलीकडे दुसऱ्या इमारतीच्या टाकीसाठी खड्डा खणला. जेसीबीवर होता मनिष, धाकल्याचा मुलगा. चिंचेचं जुनं खोड निघालं आणि त्याच्या शेजारी मूठभर कोळसा नि खापराचे तुकडे.

"थांब, थांब!" म्हातारा मुकादम म्हणाला. "हद्दीचा दगड पुरताना त्याच्याखाली हे घालतात. दगड चोरला तरी हे राहतं."

मनिष खाली उतरला. त्या कोळशापासून माझ्यापर्यंत पावलं टाकत आला. सतरा भरली. मग जिथे त्यांच्या घराची मागची भिंत होती, तिथवर कोळशापासून पुन्हा मोजली. आणि त्याने तलासरीला आईला फोन लावला.

घर हद्दीच्या पाच पावलं आत होतं, धाकल्याच्याच जागेत.