टोचणारी गाणी

बायको गेल्यानंतर रेकॉर्डिस्टनं स्टुडिओचं कुलूप उघडलं ते एकाच कामासाठी. आजारपणात, अंगात जरा त्राण असेल त्या दिवशी, तिनं तिथं येऊन काही गाणी गायली होती. आवाज आणि वाद्यं यांची जुळणी तेवढी राहिली होती. गायिका म्हणून तिचं फार मोठं नाव नव्हतं. पण ही गाणी घरच्यांच्या कानावर पडावीत, एवढंच तिनं जाताना मागितलं होतं. तेवढं तरी आपल्या हातून धड व्हावं, असं त्याला वाटत होतं. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तो कामाला बसला. वाद्यं खाली घेतली, आवाज वर आणला. तरी आवाज मंदच वाटत होता. तोंडावर चादर ओढून कुणी गावं तसा. ओळ उचलण्याआधी ती बारीक श्वास घ्यायची, तो तर कुठं सापडेचना. त्यानं ट्रेबल, म्हणजे आवाजातली वरची बारीक धार, चढवला. मग अजून थोडा. करता करता श्वास आला. ओठ सुटल्याचा आवाजही आला. ती शेजारी येऊन उभी राहिल्यासारखं झालं, आणि तो पोटभर रडला. मग सगळ्या गाण्यांना तसंच करून त्यानं एक प्रत मेहुणीला पाठवली. सासूबाई तिच्याकडेच राहायच्या.

मेहुणीचा लगेच फोन आला.

"दाजी, हे काय पाठवलंत? ताई गातेय की भांडी घासतेय?"

"म्हणजे?"

"म्हणजे कानाला टोचतंय. एकेक 'स' म्हणजे सुई. आई उठून आत गेली. म्हणाली, ही माझी लेक नव्हे, बंद कर."

"तुझ्या खोलीचा दोष आहे," तो म्हणाला. उत्तर तयारच होतं. अशा तक्रारी त्यानं जन्मभर ऐकल्या होत्या. "स्टुडिओत भिंतीला स्पंज, खाली जाड गालिचा. आवाजाची धार तिथं जिरते. तुझ्याकडे नुसत्या फरश्या आणि काचा. आपटून परत येते ती."

तो रजया घेऊनच तिच्याकडे गेला.

"एवढ्या रजया? मुक्कामाला आलात की काय?"

त्यानं रजया खिडक्यांवर टांगल्या, एक फरशीवर पसरली, स्पीकर जरा तिरके केले. गाणं लावलं. मेहुणी डोळे मिटून बसली.

"कमी झालं. पण टोचतंयच."

मग तिनं ताईची जुनी गाणी काढली. खिडकीवरची रजई ओढून खाली टाकली आणि त्याच स्टिरिओवर ती लावली. आतल्या खोलीतून सासूबाई दारापर्यंत आल्या आणि चौकटीला धरून ऐकत राहिल्या.

"हीसुद्धा तुम्हीच केलेली ना? यांना कशी रजई लागत नाही?"

ती गाणी करताना बायको त्याच्यामागे बसलेली असायची. "अहो, टोचतंय," म्हणायची आणि तो ट्रेबल उतरवायचा. तुझे कान आहेत की चाळणी, अशी वर थट्टाही करायचा. शेवटच्या वर्षांत ती फारच वेळा तसं म्हणू लागली होती.

मेहुणी त्याच्याकडे बघत होती.

"दाजी, भिंतीकडे तोंड करा."

"मी काय शाळेत आहे?"

"करा म्हणते ना."

त्यानं तोंड फिरवलं. गाणं चालू होतं.

"सांगा, काय बदललं?"

"तू अजून काही केलंच नाहीस."

तो वळला. तिचा हात ट्रेबलच्या बटणावर होता. बटण चांगलं अर्धं फिरवलेलं होतं.

"कधीपासून ऐकू येत नाही हे?"

"जे ऐकूच येत नाही, ते गेलं कधी हे कसं कळणार?" तो म्हणाला. "तिला कळलं असणार. बोलली नाही."

दुसऱ्या दिवशी मेहुणी स्टुडिओत त्याच्या शेजारी उभी राहिली.

"खाली घ्या," ती म्हणाली. "अजून."

त्यानं घेतलं. आधी ओठांचा आवाज गेला. मग श्वास विरला.

"अजून किती?"

"थोडंच."

त्याचा हात हलेना.

"दाजी, आईला ऐकायचंय."

त्यानं खाली घेतलं.

"बस. हीच. हीच ताई." मेहुणी स्पीकरकडे वाकली. "श्वास घेतला बघा आत्ता. ऐकलात?"

त्याला शब्द ऐकू येत होते. बंद दारापलीकडून यावेत तसे.

"नाही," तो म्हणाला. "तू ऐकलास ना? मग झालं."

तिनं डोळे पुसले. "आधीचं तुमच्यापुरतं ठेवा की. तुम्हाला तरी त्यात ती सापडते."

त्यानं पडद्यावर आधीची प्रत उघडली.

"ते मी चढवलेलं आहे. तिचा आवाज तसा नव्हता," तो म्हणाला आणि त्यानं ते पुसून टाकलं. मग पुढचं गाणं लावलं. "आता हे. टोचलं की सांग."

मेहुणी सांगत गेली आणि तो उतरवत गेला.