ओजसचं एका कानाचं विश्लेषण

तर ओजसची पक्की समजूत होती की अख्ख्या मुलुंडमध्ये सिनेमा कळणारा माणूस एकच आहे आणि तो रोज रात्री त्याच्याच गादीवर झोपतो.

मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला एका मराठी मर्डर थ्रिलरची पहिली तीन मिनिटं दिली होती. कॅमेरा, आवाज, लायटिंग, सगळ्यावर बोलायचं. आणि ऐकायला येणार कोण, तर त्या सिनेमाच्या आवाजाचं काम जिने केलं ती मधुवंती मॅडम. जो बरा बोलेल त्याला ती दोन महिने अंधेरीच्या स्टुडिओत असिस्टंट म्हणून घेणार होती. ओजसला ते पाहिजेच होतं. इतकं, की सोमवारपासून डबा दे म्हणून त्याने आईला आधीच सांगून टाकलं होतं.

तीन मिनिटांत घडतं एवढंच. एक माणूस रिकाम्या फ्लॅटमध्ये शिरतो, पॅसेजमधून चालत किचनपर्यंत जातो आणि फ्रिज उघडतो. ओजसने हे सतरा वेळा बघितलं. मोबाइलवर.

"एकदा टीव्हीवर बघ ना," ऋता म्हणाली होती. ऋता म्हणजे त्याची वर्गातली मैत्रीण, जिचं तो ऐकत नाही आणि मग पस्तावतो.

"टीव्हीवर आईची सिरियल असते. आणि खरा अभ्यास जवळूनच होतो गं."

त्या दिवशी प्रोजेक्टरची वायर सापडेना. सर म्हणाले, आधी बोलून घ्या, क्लिप नंतर लावू. कोणी विचारायच्या आत ओजस उठून पुढे.

"दिग्दर्शकाने माणसाचं डोकंच फ्रेमबाहेर ठेवलंय, कारण त्याला ओळख नाहीये," त्याने सुरुवात केली. मॅडमचं पेन थांबलं. झाली इम्प्रेस, ओजसला वाटलं. "आणि सगळा उजेड हळदीसारखा पिवळा. ही अपराधाची कावीळ आहे." हे वाक्य त्याने सकाळी आरशासमोर चारदा म्हणून बघितलं होतं. "आवाज तर विचारूच नका. सुरुवातीला शांतता. माणूस चालतोय पण पावलं वाजत नाहीत. पॅसेजच्या मध्यावर येतो आणि एकदम वाजायला लागतात. म्हणजे या माणसाला भूतकाळच नाही."

मग त्याने हुकमाचा एक्का टाकला. "घरात एक बाई लपलीय. दिसत नाही, पण किचनच्या दाराशी तिची बांगडी वाजते. खून तिने केलाय."

वर्गात खसखस पिकली. ऋताने कपाळाला हात लावला.

"अरे, त्या पिक्चरमध्ये बाईच नाहीये," मागून कोणीतरी म्हणालं. "पूर्ण बघितलास का तू?"

"विश्लेषण फक्त ओपनिंगचं होतं ना," ओजस म्हणाला.

तेवढ्यात वायर सापडली. क्लिप लागली, आणि वाट लागली.

पडद्यावरच्या माणसाला डोकं होतं. चांगलं मोठं, वर माकडटोपी. उजेड ट्यूबलाइटचा, निळसर पांढरा. डाव्या स्पीकरमधून एक्झॉस्ट फॅनची घरघर, ती शेवटपर्यंत. आणि पावलं तर दारापासूनच ठणाठणा वाजत होती, आधी डाव्या स्पीकरमधून, पॅसेजच्या मध्यापासून उजव्या.

ओजसला खुर्चीत बसल्या बसल्या एकेक गोष्ट आठवत गेली. स्क्रीन भरावी म्हणून त्याने व्हिडिओ दोन बोटांनी ताणला होता, त्यात त्या बिचाऱ्याचं डोकं उडालं. डोळ्यांना बरं म्हणून आईने फोनला पिवळा मोड लावून दिला होता, तो दिवसरात्र चालूच. आणि इयरफोन जीन्सच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये फिरून आला होता, तेव्हापासून डावा मुका. ते त्याला माहीत होतं हो. पण त्याचा हिशोब असा, की आवाज तो आवाज, एका कानाने काय कमी येणार.

"तुझा एक इयरफोन बंद आहे का रे?" मॅडमने विचारलं.

'हा माझा दृष्टिकोन आहे' असं एक वाक्य त्याने अडीअडचणीला ठेवलं होतं. पण समोर ती माकडटोपी. त्याने मशीनपासून आईपर्यंत सगळं सांगून टाकलं. लोक हसून हसून बाकांवर पडले. अंधेरी गेली, आता डबा कॉलेजातच खायचा, असं त्याने मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

मॅडम मात्र हसत नव्हती. "बांगडी कुठे ऐकलीस?"

"उजव्या कानात. किचनच्या दाराशी. दोनदा."

तिने लॅपटॉप ओढला, डावी बाजू बंद केली आणि क्लिप परत लावली. फॅन गेला. पावलं मध्यावर सुरू झाली. मग किचनचं दार आलं आणि छिण. परत छिण.

"शूटिंगला पावलं नीट रेकॉर्ड होत नाहीत," मॅडम वर्गाला म्हणाली. "ती नंतर स्टुडिओत चालून भरायची असतात. ही पावलं माझी आहेत." तिने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. तिथे चांदीचं कडं होतं. "आणि हे पण माझंच. फॅनखाली दबलं. आम्ही सहा जण दोन-दोन कानांनी ऐकत होतो, एकालाही सापडलं नाही."

"म्हणजे खुनी सापडली," ऋता पुटपुटली.

बाकीचे सगळे बोलून झाल्यावर निघताना मॅडम ओजसपाशी थांबली. "सोमवारी दहाला ये. कावीळबिवीळ तिथे काढायची नाही. आणि इयरफोन नवीन घे."

सोमवारी स्टुडिओत एका गोणीत जुन्या चपला होत्या, बूट होते, एक लाकडी खडावांची जोडी पण होती. मॅडमने बूट पुढे केले, चाल म्हणाली. ओजसने आधी घड्याळ काढलं. मग किल्ल्या, सुट्टे पैसे, गळ्यातली चेन. मग बेल्टला हात घातला.

"ते राहू दे," मॅडम म्हणाली.