निळी पोलिश फुलदाणी

वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं होती आणि कतारमधले सगळे रस्ते एकाच वेळी खणून ठेवले होते. दोह्यातल्या अल हिलालहून पार उत्तर टोकाच्या मदिनत अश शमालला निघालेली नमिता प्रत्येक डायव्हर्जनला नवऱ्यावर वैतागत होती. "गंधार, यल्ला, चल लवकर! जाईल ना ती!"

ती म्हणजे एक निळी फुलदाणी. नमिता जुन्या पोलिश काचेच्या फुलदाण्या जमवायची, कारागिरांनी नळीतून फुंकून घडवलेल्या. घरी नऊ होत्या. रास लफानच्या गॅस प्रकल्पातला एक पोलिश इंजिनियर मायदेशी परतत होता, त्याची बायको मदिनत अश शमालच्या घरातलं सामान विकत होती. त्यातली ही दहावी.

पोचली, तर फुलदाणी एका अनोळखी बाईच्या हातात. व्यवहार खलास.

"ही बया कुठून उपटली!" नमिता गंधारच्या कानाशी पुटपुटली.

"वसईहून," बाई म्हणाली.

नमिताला कुठे तोंड लपवू असं झालं. बाई मात्र खो खो हसली. ती अँजेलीन, दोह्यातल्या एका हॉस्पिटलात नर्स. टॅक्सीने आली होती. "परत आमच्याबरोबरच चला ना," नमिता ओशाळून म्हणाली.

गाडीत अँजेलीनने फुलदाणी मांडीवर घट्ट धरली. "मी आपली रंग बघून घेतली. तुम्हाला यातलं कळतं?"

एवढं विचारायचा अवकाश! काचेत रंग कसा मिसळतात, तळाला चिकटवलेली सळई तोडल्याची खूण कशी शोधायची, नमिता बोलतच सुटली. अँजेलीनने फुलदाणी उलटी करून खूण चाचपली. "अगं बाई, आहे की!"

"झालं," गंधार म्हणाला. "एकीच्या दोघी झाल्या."

बाकीच्या नऊ बघायला म्हणून नमिताच्या घरी आलेली अँजेलीन काचेच्या कपाटासमोरून हलेचना. शेवटी तिने खालच्या खणातली ठेंगणी, जराशी कललेली हिरवी फुलदाणी उचलली. "हिच्यात बुडबुडा अडकलाय बघा! निळी तुम्ही ठेवा, मला ही द्या."

"अहो, ती वाकडी आहे. तुम्हीच फसाल."

"फसू दे. मला हीच हवी."

नमिता आणखी समजावणार होती, पण अँजेलीनचा चेहरा बघून टॉवेल घेऊन आली. तिने हिरवी त्यात गुंडाळून दिली, आणि अँजेलीनला जेवायलाही थांबवून घेतलं. थालीपीठ खाताखाता कळलं, की पुढच्या शुक्रवारी अल खोरला आणखी एक घर रिकामं होतंय.

"जायचं?" अँजेलीनने विचारलं.

दोघींनी गंधारकडे पाहिलं. त्याने मुकाट्याने आणखी एक थालीपीठ वाढून घेतलं.